कंडिशनल्सचा तक्ता पाठ आहे, तरी बोलताना 'इफ' का घसरतं?

कंडिशनल्स म्हणजे इंग्रजीतली 'इफ'ची, जर-तरची वाक्यं. त्यांच्या प्रकारांची झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड ही चारही नावं तोंडपाठ असतात. गाळलेल्या जागा दिल्या की जवळजवळ सगळ्या बरोबर भरल्या जातात. आणि वहीतून मान वर काढून बोलायला लागलं की तोच विद्यार्थी म्हणतो, 'इफ ही केम टुमारो, आय विल टेल हिम.' दुरुस्त करून दिलं की पटतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आज विशी-पंचविशीत असलेल्यांचा इंग्रजीशी संबंध लहानपणापासूनचा. तरी मी शिकवते त्या प्रत्येक बॅचमध्ये जर-तरच्या त्याच त्या चुका फिरून फिरून येतात. अभ्यास कमी पडतो असं मला वाटत नाही. या चुका थेट मराठी वाक्यातून चालत येतात, आणि तक्त्यात मराठीचा उल्लेखच नसतो.

म्हणून तक्ता थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी आपण मराठीत काय करतो ते बघा.

मराठी जर-तर कसं चालतं

'उद्या पाऊस पडला तर मी घरी थांबेन.' वाक्यात 'उद्या' आहे आणि क्रियापद 'पडला', म्हणजे भूतकाळाचं रूप. आपल्याला यात काहीच खटकत नाही, कारण 'तर'च्या आधीचं 'पडला', 'आला', 'मिळालं' हे काळ सांगतच नाही. आधी हे होऊ दे, मग पुढचं, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस पडण्याची शक्यता अगदी खरी आहे. इंग्रजीत या जागी साधा वर्तमानकाळ बसतो: 'इफ इट रेन्स टुमारो, आय विल स्टे होम.' भूतकाळाचं रूप इंग्रजीने दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलंय: नुसती कल्पना, किंवा होण्याची शक्यता कमी. आपण 'आला तर'चं 'इफ ही केम' करतो तेव्हा 'तो काही यायचा नाही म्हणा' असा सूर आपोआप लागतो, आणि पुढे 'विल' जोडला की वाक्य दोन्ही डगरींवर हात ठेवून उभं राहतं.

दुसरी गोष्ट जास्त खोलातली आहे. 'उद्या सुट्टी असती तर मी आलो असतो.' हे वाक्य नीट ऐका. 'उद्या' आणि 'आलो असतो' एकत्र नांदताहेत. म्हणजे 'आलो असतो' हाही भूतकाळ नव्हे. तो फक्त सांगतो की तसं नाहीये. शाळेच्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. गोष्ट आजची, उद्याची की दहा वर्षांपूर्वीची, हे मराठीत संदर्भावरून कळतं. 'पैसे असते तर मी ते घर घेतलं असतं' हे आज बिल्डरच्या फलकाकडे बघत म्हणता येतं आणि 2010 सालचे भाव आठवूनही म्हणता येतं. वाक्यात एक अक्षर बदलावं लागत नाही.

इंग्रजी इथे सवलत देत नाही. आत्ता पैसे नाहीत असं म्हणायचं असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय दॅट हाउस.' तेव्हा नव्हते म्हणायचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट हाउस.' पुस्तकं ज्यांना सेकंड आणि थर्ड म्हणतात, ते आपल्या डोक्यात मुळात एकच वाक्य आहे. ते एक वाक्य कुठल्या नंबरात टाकायचं हा निर्णय आपल्याला दर वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि बोलण्याच्या ओघात तेवढा वेळ नसतो. माझ्या मते मराठी माणसाच्या कंडिशनल्सची सगळ्यात मोठी अडचण ही आहे. बाकीच्या चुका त्यामानाने किरकोळ, लवकर सुटणाऱ्या.

नंबर सोडा, दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: हे खरं होऊ शकतं, की नुसती कल्पना? याचं उत्तर तुमचं मराठी वाक्यच देतं. वाक्यात 'असता, असती, असतं, असते' ही मंडळी 'तर'च्या दोन्ही बाजूंना दिसली की कल्पना. नाही दिसली की खरी शक्यता. तिथे 'इफ'च्या भागात साधा वर्तमानकाळ आणि पुढे 'विल', 'कॅन', 'मे' किंवा आज्ञा. विषय संपला, दुसऱ्या प्रश्नापर्यंत जायचंच नाही.

दुसरा प्रश्न कल्पनेच्या वाक्यांपुरता: गोष्ट आजची-उद्याची, की होऊन गेलेली? मराठी वाक्यात नसला तरी मनात एक काळाचा शब्द घाला. 'आत्ता पैसे असते तर', 'तेव्हा पैसे असते तर'. 'आत्ता' बसला की 'हॅड' आणि 'वुड बाय'. 'तेव्हा' बसला की 'हॅड हॅड' आणि 'वुड हॅव बॉट'. सोपं वाटतं, पण ही सवय लागायला वेळ जातो, कारण मराठी बोलताना हा प्रश्न आपल्याला कधी पडलेलाच नसतो.

आणि हा प्रश्न वाक्याच्या दोन्ही भागांना वेगवेगळा विचारायचा. इथे तक्ता हमखास दगा देतो. एक उदाहरण नीट उलगडून बघू. 'बस वेळेवर येत असती तर मी स्कूटर घेतली नसती.' पहिला भाग: बस रोजच उशिरा येते, आजही येते. म्हणजे 'आत्ता'. दुसरा भाग: स्कूटर घेऊन झाली, हप्ते चालू आहेत. म्हणजे 'तेव्हा'. तर इंग्रजी असं होईल: 'इफ द बस केम ऑन टाइम, आय वुडन्ट हॅव बॉट अ स्कूटर.' अर्धं सेकंड, अर्धं थर्ड. पुस्तकात याला मिक्स्ड कंडिशनल म्हणून शेवटच्या पानावर टाकलेलं असतं, जणू काही फार अवघड प्रकरण. दोन प्रश्न विचारणाऱ्याला ते वेगळं शिकावंच लागत नाही. 'बस वेळेवर आली असती तर मला उशीर झाला नसता' हे मात्र एका दिवसाचं गाऱ्हाणं: 'इफ द बस हॅड कम ऑन टाइम, आय वुडन्ट हॅव बीन लेट.'

'इफ'च्या भागात 'विल' घुसतो

'इफ ही विल बी अॅट होम, आय विल मीट हिम.' याचा उगम 'तो घरी असेल तर' या वाक्यात आहे. 'असेल' दिसायला भविष्यकाळ, म्हणून 'विल बी'. पण इथे 'असेल' म्हणजे अंदाज. तो आत्ता घरी आहे की नाही ते ठाऊक नाही. इंग्रजीत सरळ 'इफ ही इज अॅट होम'. तसंच 'तू येणार असशील तर' याचं 'इफ यू विल कम' होतं. म्हणायचं असतं 'इफ यू आर कमिंग'. 'असेल तर' म्हणजे 'इज', 'येणार असशील तर' म्हणजे 'आर कमिंग', ही दोन रूपं जिभेवर बसली की ही चूक बरीच ओसरते.

मग उलटा आजार सुरू होतो. 'इफनंतर विल नाही' हा नियम इतका घोटला जातो की मुलं 'आय डोन्ट नो इफ ही कम्स टुमारो' म्हणायला लागतात. इथे 'विल' हवाच: 'आय डोन्ट नो इफ ही विल कम.' हा 'इफ' अटीचा नाही. मराठीत बघा, 'तो येईल का माहीत नाही', 'येईल की नाही माहीत नाही'. 'तर' कुठेच नाही. कसोटी एवढीच: मराठीत 'तर' असेल तिथे 'विल' बाहेर, 'का' किंवा 'की नाही' असेल तिथे 'विल' चालतो.

'वुड' दोन्हीकडे

'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.' या चुकीचं मूळ तर डोळ्यांसमोर आहे: 'कळलं असतं तर आलो असतो.' मराठीत दोन्ही बाजूंना तेच 'असतं-असतो', मग इंग्रजीतही दोन्हीकडे तेच असणार असं मन धरून चालतं. इंग्रजीत बाजू वेगळ्या आहेत. 'तर'च्या अलीकडचा 'असतं' म्हणजे 'हॅड', पलीकडचा म्हणजे 'वुड हॅव'. 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.'

कानावर भरवसा ठेवून ही चूक सुटत नाही, त्याला कारण आहे. बोलताना 'आय हॅड' आणि 'आय वुड' दोन्हींचं आखडून 'आयड' होतं. 'इफ आयड नोन, आयड हॅव कम' या वाक्यात पहिला 'आयड' एक आणि दुसरा वेगळा, पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. शिवाय अमेरिकन बोलण्यात 'इफ आय वुड हॅव' सर्रास ऐकू येतं. त्यामुळे मालिका बघून इंग्रजी सुधारणारी मुलं 'पण ते लोक तर असंच म्हणतात' असं म्हणतात, आणि ते खोटं नसतं. फक्त परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ते चूक धरलं जातं. स्पर्धा परीक्षांच्या 'चूक शोधा' प्रश्नांत हा आवडता सापळा आहे.

'अनलेस'ला जोडून 'नॉट'

दुसरा आवडता सापळा हा. 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू वोन्ट पास.' शाळेत 'अनलेस म्हणजे जर नाही तर' असं शिकवतात. ते बरोबर आहे, पण ते ऐकून मूल मनातल्या मनात 'अभ्यास केला नाहीस तर' म्हणतं आणि त्यातला 'नाहीस' इंग्रजीत आणायला जातं. त्याऐवजी 'अनलेस'साठी 'शिवाय' धरा. 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस.' नकार पहिल्या भागात उरतच नाही, तो आपोआप दुसऱ्या भागात जातो: 'अनलेस यू स्टडी, यू वोन्ट पास.' 'अनटिल'चंही हेच दुखणं. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' याचं 'वेट अनटिल ही डझन्ट कम' होतं. हवं 'वेट अनटिल ही कम्स'. 'तो येईपर्यंत थांब' असं मनात म्हटलं की 'नाही' गळून पडतं.

एक सावधगिरी. 'तू नसतास तर माझं काय झालं असतं?' इथे 'अनलेस' अजिबात चालत नाही, कारण ही कल्पना आहे. 'व्हॉट वुड हॅव हॅपन्ड टू मी विदाउट यू?' हे सुटसुटीत. 'इफ यू हॅडन्ट बीन देअर' हेही बरोबर.

'आलास की' आणि 'आलास तर'

हा फरक मराठीत लख्ख आहे, तरी इंग्रजीत जाताना पुसला जातो. 'घरी पोचलास की फोन कर' याचं 'इफ यू रीच होम, कॉल मी' केलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, वाटेत काही होणार आहे की काय. 'की' आणि 'म्हणजे' यांना 'व्हेन' किंवा 'वन्स', 'तर'ला 'इफ'. 'परीक्षा झाली म्हणजे जाऊ' हेही 'व्हेन'चंच वाक्य. 'नाहीतर'साठी 'ऑर' किंवा 'अदरवाइज'. 'जरी-तरी' मात्र बघून: 'पाऊस पडला तरी सामना होईल' म्हणजे 'ईव्हन इफ', 'पाऊस पडला तरी सामना झाला' म्हणजे 'ऑल्दो'. पुढचं क्रियापद बघितल्याशिवाय ठरवू नका, आणि 'ऑल्दो'नंतर पुन्हा 'बट' नको.

ऑफिसच्या मेलमधला 'वुड'

'इफ यू सेंड द फाइल टुडे, आय वुड चेक इट टुमारो.' 'वुड' लिहिला की भाषा अदबीची होते असा समज आपल्याकडे पक्का आहे, आणि 'द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे' अशी परिपत्रकं वाचून तो आणखी पक्का होतो. बाहेरच्या वाचकाला मात्र प्रश्न पडतो की हा माणूस फाइल तपासणार आहे की नाही. वचन देताना 'विल'च लिहा. अदब दाखवायला 'प्लीज' आणि 'थँक यू' आहेत.

सराव कशाचा करायचा

गाळलेल्या जागांचा नको. त्यात नंबर आधीच ठरवून दिलेला असतो, आणि आपलं तर नंबर ठरवण्यातच अडतं. मराठीतून इंग्रजीत जाण्याचा सराव हवा. भाषांतर करत शिकू नये, थेट इंग्रजीत विचार करावा, असं सांगणारे पुष्कळ आहेत. ते पुढच्या टप्प्यावर ठीक. जी चूक मराठीतून येते ती मराठी समोर ठेवूनच पकडता येते.

वाक्यं कुठून आणायची? व्हॉट्सअॅपवर घरच्या ग्रुपमध्ये 'तर' शोधा. रोमन लिपीत टाइप करत असाल तर तशा स्पेलिंगने शोधा. 'दूध संपलं असेल तर आणते', 'आधी सांगितलं असतंस तर थांबलो असतो', 'तिकीट मिळालं तर कळव' अशी ढीगभर वाक्यं निघतील, सगळी खरीखुरी, आणि कोण कुणाला कधी म्हणालं ते तुम्हाला ठाऊक असलेली. त्यामुळे 'आत्ता की तेव्हा' याचं उत्तर अचूक देता येतं. रोज पाचच घ्या. लिहू नका, फोनवर बोलून रेकॉर्ड करा आणि मग ऐका. ऐकताना उच्चार, आर्टिकल, बाकी काही बघायचं नाही. फक्त 'इफ'च्या भागातलं क्रियापद आणि दुसऱ्या भागातलं क्रियापद.

व्याकरण तपासणाऱ्या अॅपवर यासाठी विसंबू नका. तुम्हाला 'तेव्हा पैसे असते तर' म्हणायचं होतं आणि तुम्ही 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय' लिहिलंत, तर अॅप हिरवा कंदील देईल. वाक्य व्याकरणात चोख आहे. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कुठून कळणार?

आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. स्पीकिंगच्या तिसऱ्या भागात, चार-पाच मिनिटांच्या त्या चर्चेत, 'व्हॉट वुड हॅपन इफ' अशा धाटणीचे प्रश्न येतात. प्रश्नात जे क्रियापद आहे तेच उत्तरात उचला. परीक्षकाने 'वुड' म्हटलं तर तुमचं पहिलं वाक्य 'वुड'नेच सुरू होऊ दे. मुलं इथे 'विल'वर घसरतात, कारण विचार मराठीत 'होईल' असा येतो. व्याकरणाला चारपैकी एका निकषाचे गुण आहेत, म्हणून हे मनावर घ्या. पण त्यासाठी 'हॅड आय नोन'सारख्या उलट्या रचना ओढूनताणून घुसडू नका. त्या लेखी भाषेत शोभतात. 'इफ आय वॉज' की 'इफ आय वेअर', यावर फार वेळ घालवू नका. बोलण्यात दोन्ही चालतात, लिहिताना 'वेअर', आणि 'इफ आय वेअर यू' हे तर ठरलेलंच.

आता ही चार वाक्यं आधी स्वतः करून बघा, मग खाली वाचा.

तो काल आला असेल तर चावी त्यानेच नेली असेल.
आज रविवार असता तर मी अजून झोपलेली असते.
सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं.
तो फोन करणार असता तर एव्हाना केला असता.

पहिलं फसवं आहे. 'असेल' आहे, 'असता' नाही, म्हणजे खरी शक्यता. पण गोष्ट कालची. 'इफ ही केम यस्टरडे, ही मस्ट हॅव टेकन द की.' इथला 'केम' खराखुरा भूतकाळ आहे, आणि तक्त्यातल्या चारांपैकी एकाही खणात हे वाक्य बसत नाही. दुसरं दोन्हीकडे 'आत्ता': 'इफ इट वेअर संडे, आय वुड स्टिल बी अस्लीप.' तिसरं दोन्हीकडे 'तेव्हा': 'इफ यू हॅडन्ट टोल्ड मी, आय वुडन्ट हॅव नोन.' चौथ्यात 'फोन करणार असता' हा त्याचा बेत, जो नाहीच आहे, म्हणून 'वेअर गोइंग टू'. आणि 'एव्हाना केला असता' हे आत्तापर्यंत व्हायला हवं होतं ते. 'इफ ही वेअर गोइंग टू कॉल, ही वुड हॅव कॉल्ड बाय नाऊ.' पहिल्या भागात 'हॅड बीन गोइंग टू' लिहिलंत तरी चूक नाही, पण मग त्याचा बेत मागे कधीतरी होता का, याबद्दल तुम्ही बोलताय असा अर्थ होतो.